ब्रेकला पाय न लावता तापलेला ड्रम: शिडाच्या नावेच्या घाटप्रवासाचं एक प्रकरण

शिडाची नाव लादलेला ट्रेलर आणि तो ओढणारी पिकअप, ही जोडी पहिला छोटा घाट उतरून खाली थांबली, तेव्हा ट्रेलरच्या मागच्या डाव्या चाकातून ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास येत होता. नावेच्या मालकांचा फोन आला तो थोडा चिडक्या सुरातच. "अहो, ब्रेकला पायच लावला नाही मी! सगळा उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मग जळलं काय?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. ड्रम, म्हणजे चाकातला ब्रेकचा गोल डबा, तापण्याच्या दोन कारणांपैकी एक त्यातच दडलेलं होतं. मोठी नाव ओढून नेणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे कारण माहीत नसतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. माझं काम अशा जोड्या निघण्यापूर्वी तपासून देण्याचं. ही जोडी मात्र माझ्याकडे आली ती वाटेत अडल्यावर.

नाव 26 फुटी, म्हणजे साधारण 7.9 मीटर लांब आणि 2.5 मीटर रुंद. तळाला पक्की बसवलेली कील, म्हणजे नाव उलटू नये म्हणून बुडाखाली असलेला जड पंखा, वर-खाली होणारी नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. कील वर घेता येणारी किंवा पोटात पाणी भरून स्थिर होणारी नाव ट्रेलरवर खाली बसते, शिवाय पाणी काढून टाकलं की हलकीही होते. पक्क्या कीलची नाव ट्रेलरवर उंच उभी राहते आणि शिसं किंवा लोखंड सोबत घेऊनच प्रवास करते. रुंदीची अडचण नव्हती. युरोपात 2.55 मीटर आणि अमेरिकेत 2.59 मीटरपर्यंतचा माल वेगळ्या परवान्याशिवाय नेता येतो, आणि ही नाव दोन्हींत बसत होती. ट्रेलर दोन आसांचा, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पाटीवर एकूण वजनाची मर्यादा 3,000 किलो. ओढायला टर्बो डिझेल पिकअप. तिची ओढण्याची मर्यादा 3,500 किलो, गाडी आणि ट्रेलर मिळून 6,000. प्रवास समुद्रकिनाऱ्यापासून डोंगरापलीकडच्या तलावापर्यंत, मध्ये तो छोटा घाट आणि नंतर 2,400 मीटर उंचीची मोठी खिंड.

काटा काय म्हणाला

मालकांचा हिशेब सरळ होता. नावेच्या माहितीपत्रकात 1,950 किलो, ट्रेलरचं स्वतःचं वजन 640, बेरीज 2,590. म्हणजे 3,000 च्या पाटीत चारशे किलो शिल्लक. हा हिशेब मी बऱ्याचदा ऐकतो आणि तो जवळपास नेहमीच चुकीचा निघतो, कारण माहितीपत्रकातली नाव रिकामी असते. तिच्यात नांगर नसतो, साखळी नसते, बॅटऱ्या, गाद्या, शिडं, इंजिन, भांडीकुंडी काही नसतं. कधीकधी डोलकाठीही धरलेली नसते. नाव जुनी असेल तर तिच्या भिंतींत मुरलेलं पाणी आणखी वेगळं.

म्हणून आधी काट्यावर. वजन तीनदा करायचं. आधी नुसती पिकअप, मग दोन्ही जोडून, आणि तिसऱ्यांदा ट्रेलर जोडलेलाच ठेवून फक्त त्याची चाकं काट्यावर. पिकअप भरली 2,480 किलो. दोन्ही मिळून 5,540. म्हणजे ट्रेलर आणि नाव 3,060, पाटीपेक्षा 60 किलो जास्त. तिसरं वजन 2,880 आलं. 3,060 मधून 2,880 वजा केले की उरतात 180 किलो. हा झाला पिकअपच्या हुकावर बसलेला भार, ट्रेलरच्या वजनाच्या सहा टक्क्यांहूनही थोडा कमी.

या शेवटच्या आकड्याकडे लोक फारसं बघत नाहीत. हुकावर भार कमी असला की ट्रेलरचं शेपूट वळवळतं. छोट्या, हलक्या ट्रेलरला युरोपात चार ते सात टक्के चालवून घेतात, पण तिथले वेगही त्या मानाने बांधलेले असतात. लांब आणि उंच नावेला मी दहाच्या आसपास मागतो. मालकांना विचारलं, सपाट रस्त्यावर ताशी 85 च्या पुढे काही जाणवत होतं का? ते म्हणाले, "वाऱ्यामुळे थोडी हलत होती." त्यांच्या पत्नी शेजारच्या सीटवरून म्हणाल्या, "वारा कुठे होता?"

मग सामान काढायला सुरुवात झाली. सगळ्यांचा हात आधी नांगराकडे गेला. नांगर आणि साखळी मिळून सत्तर किलो, काढायला सोपे, आणि नावेतल्या सुट्या सामानात सगळ्यात जड. मी ते तिथेच राहू दिले. ते नाळेत, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकात होते, आसांच्या तीन मीटर पुढे, आणि हुकापासून आसांपर्यंतचं अंतर सहा मीटर. म्हणजे नांगर काढला असता तर त्याच्या निम्मा भार, पस्तीस किलो, हुकावरून गेला असता. जो भार आधीच कमी पडत होता तोच आपण आणखी घटवला असता.

निघालं ते दुसरंच. पिण्याच्या पाण्याची टाकी भरलेली होती, ती 90 किलो. तलावावर जाणाऱ्या नावेत पाणी भरून डोंगर चढायचा, याला काय म्हणावं! मागच्या बैठकीत बांधलेली हवेची छोटी होडी आणि तिचं इंजिन, 45 किलो. हत्यारं आणि डबे, 35. आणि नावेच्या मागच्या टोकाला लटकलेलं मुख्य इंजिन, आणखी 45. होडी, दोन्ही इंजिनं आणि हत्यारं पिकअपमध्ये गेली. मागचं वजन उतरलं की पुढचं आपोआप वाढतं, त्या हिशेबाने हुकावर चाळीसेक किलो आले. ट्रेलर 2,845 वर आला, पिकअप 2,605 वर, जोडी मिळून 5,450.

तरीही दहा टक्के होईनात. तेव्हा नावच 20 सेंटिमीटर पुढे सरकवली. नाळ टेकते तो थांबा आणि कीलच्या पुढचा ठोकळा, दोन्ही पुढे घेऊन पुन्हा बसवले, बाजूचे आधारही त्याप्रमाणे हलवले. 2,205 किलोची नाव 20 सेंटिमीटर सरकली की सहा मीटरच्या अंतरावर हुकावर 73 किलो वाढतात. पुन्हा काट्यावर घेतली तेव्हा हुकावरचा भार 290 च्या आसपास दिसला. दहा टक्के. पिकअपच्या हुकाची मर्यादा 350, त्यामुळे तिथेही अडचण नाही.

वास कुठून आला

आता ब्रेककडे येऊ. या ट्रेलरला जो ब्रेक होता त्याला सर्ज ब्रेक म्हणतात, युरोपात ओव्हररन. कल्पना साधी आहे. पुढची गाडी वेग कमी करते, ट्रेलर मागून तिला ढकलतो, त्या ढकलण्याने हुकामागचा दट्ट्या आत सरकतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. वायर नाही, ड्रायव्हरला वेगळं काही करायचं नाही. ट्रेलर पाण्यात बुडवून नाव उतरवायची असल्यामुळे विजेच्या भानगडी नकोत, म्हणून नावांच्या ट्रेलरवर हाच ब्रेक सगळ्यात जास्त दिसतो. सपाट रस्त्यावर तो चांगलं काम करतो.

उतारावर मात्र बघा काय होतं. ड्रायव्हर शहाणा आहे, त्याने खालचा गिअर टाकला आणि इंजिनावर गाडी धरली. पाय ब्रेकवर नाही. पण ट्रेलरला कोणी धरलेलं नाही. तो स्वतःच्या वजनाने उतरू पाहतोय आणि पिकअप त्याला उतरू देत नाही. त्या छोट्या घाटाचा उतार नऊ किलोमीटरमध्ये सहाशे मीटर होता, म्हणजे साधारण 6.7 टक्के. 3,060 किलोचा ट्रेलर अशा उतारावर दोनशे किलोच्या जोराने खाली ओढला जातो. चाकांचं घर्षण आणि हवेचा अडथळा वजा केला तरी सुमारे 140 किलोचा जोर हुकावर सतत राहतो. दट्ट्या आत सरकायला तेवढा पुरेसा आहे. म्हणजे ड्रायव्हरचा पाय मोकळा असला तरी ट्रेलरचे चारही ब्रेक नऊ किलोमीटर अर्धवट लागलेलेच होते. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे नेमकं तेच घडत होतं, फक्त पाय ट्रेलरचा होता.

हे सगळ्या चाकांचं झालं. पण वास एकाच चाकाला का? मालकांकडे लांबून तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक होती, आणि त्यांच्या पत्नीने थांबल्या थांबल्या चारही ड्रम मोजून कागदावर लिहून ठेवले होते. या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात उपयोगी कागद हाच. तीन ड्रम 120 ते 140 अंश सेल्सिअस, मागचा डावा 230. अशा मोजमापात आकडा किती यापेक्षा चार चाकांत फरक किती, याकडे बघायचं. चारही सारखेच तापले असतील तर दोष उताराचा किंवा वेगाचा. एकच तापला असेल तर दोष त्या चाकात.

चाक उघडलं. ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या व्हील सिलिंडरमधला पिस्टन खाऱ्या पाण्याने गंजून अडकत होता. दाब आला की बाहेर यायचा, दाब गेला की परत जायचा नाही. एकदा लागलेला ब्रेक सुटतच नव्हता. खाऱ्या पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरच्या ड्रमचं हे जुनं दुखणं आहे. नाव उतरवल्यावर ड्रममध्ये गोडं पाणी सोडून धुवायची सोय ट्रेलरवर होती, पण तिची नळी केव्हाच तुटलेली. आणखी एक गोष्ट दिसली. पिकअपचा टो-बॉल, म्हणजे ट्रेलर ज्यावर बसतो तो हुकाचा गोळा, ट्रेलरच्या मानाने उंच होता, त्यामुळे ट्रेलर नाक वर करून चालत होता आणि मागच्या आसावर पुढच्यापेक्षा जास्त वजन येत होतं. बॉलचा दांडा बदलून आठ सेंटिमीटर खाली घेतला तेव्हा ट्रेलर जमिनीला समांतर आला.

ब्रेक ऑइलचा रंग काळ्या चहासारखा होता. डॉट 3 या प्रतीचं ब्रेक ऑइल नवं, कोरडं असताना किमान 205 अंशांवर उकळतं. ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि पुरेसं ओलं झालं की तीच मर्यादा 140 वर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155. आता 230 अंशांचा ड्रम आणि ओलं ऑइल शेजारी ठेवून पाहा. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि दट्ट्या सगळा आत गेला तरी चाकापर्यंत जोर पोचत नाही. घाट आणखी पाच किलोमीटर लांब असता तर वास येण्याच्या ऐवजी ट्रेलरचे ब्रेकच गेले असते. मग 5,540 किलोची जोडी एकट्या पिकअपच्या ब्रेकवर.

पुढे दोन मार्ग होते. एक, आहे तीच पद्धत दुरुस्त करून वापरायची. चारही सिलिंडर नवे, लायनर नवे, ऑइल पूर्ण बदललेलं, आणि मोठ्या खिंडीत मधेमधे थांबून ड्रम थंड करायचे. दुसरा, ही दुरुस्ती करूनच सर्जचा दट्ट्या काढून टाकायचा आणि विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंप बसवायचा. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की पिकअपमधला कंट्रोलर पंपाला सांगतो आणि तेव्हाच ट्रेलरला ब्रेक लागतात. इंजिनावर उतरताना ट्रेलर कितीही ढकलो, त्याचे ब्रेक मोकळे राहतात, थंड राहतात आणि खऱ्या गरजेसाठी शिल्लक राहतात. वर कंट्रोलरला हाताची कळ असते. शेपूट वळवळायला लागलं तर पिकअपचा ब्रेक न लावता नुसता ट्रेलरचा लावता येतो आणि जोडी सरळ ओढली जाते. ही पद्धत सगळ्या देशांत मान्य नाही, तेव्हा आधी आपल्याकडचा नियम पाहायचा. इथे ती चालत होती.

मी दुसरा मार्ग सुचवला. मालकांना खर्च जड वाटला, ते स्वाभाविक आहे. वर्कशॉपमधल्या एका माणसाने तिसराच मार्ग सुचवला की सर्जच्या दट्ट्यात लाकडी पाचर मारा, मग उतारावर ब्रेक लागणारच नाहीत. ट्रेलर मागे घेताना काही जण असं करतात, हे खरं. पण पाचर मारून घाटात उतरणं म्हणजे ब्रेक नसलेला ट्रेलर घेऊन उतरणं. ते ऐकल्यावर मालकांनी पंपाचा निर्णय लगेच घेतला.

सर्ज कपलर, म्हणजे दट्ट्या असलेला ट्रेलरचा जोड, असताना भार वाटून देणारे स्प्रिंगचे दांडे जोडायचाही बेत होता, कोणीतरी सांगितलं म्हणून. कपलर बनवणाऱ्याने परवानगी दिलेली नसेल तर ते करू नये. दांडे दट्ट्याला आडवे येतात आणि ब्रेक नीट लागत नाहीत.

टायरचं थोडक्यात सांगतो. नक्षी नव्यासारखी होती, पण बाजूच्या चार अंकी शिक्क्यावर 2317 होतं, म्हणजे 2017 च्या 23 व्या आठवड्यातले. वर्षातले बहुतेक दिवस उभ्या असणाऱ्या ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. चारही बदलले, हवा टायरवर कमाल भारासाठी लिहिलेल्या दाबाइतकी, थंड असताना भरलेली. चाकांचे नट पहिल्या ऐंशी किलोमीटरनंतर पुन्हा कसले. ट्रेलरच्या बऱ्याच टायरची वेगमर्यादा 105 असते. इथे 80 च्या वर जायचंच नाही असं ठरलं, त्यामुळे तो प्रश्न उरला नाही.

नाव बांधली कशी

पक्क्या कीलच्या नावेचं सगळं वजन कीलवर बसलं पाहिजे. बाजूचे आधार फक्त तोल सांभाळतात. आधार इतके वर कसलेले असतील की नाव त्यांच्यावर टेकली आहे, तर खड्ड्यागणिक बुडाचा पत्रा आत दबतो आणि काही तासांत तिथे भेगा दिसायला लागतात. तपासायची रीत सोपी. आधाराजवळ बुडावर तळहात ठेवायचा आणि दुसऱ्याला आधार थोडा सैल करायला सांगायचं. बूड हलल्यासारखं वाटलं, तर वजन नको तिथे होतं. या नावेचा उजवा मागचा आधार असाच जास्त कसलेला निघाला.

बांधणीत मालकांचा भरवसा विंचच्या पट्ट्यावर होता. तो पट्टा नाव ट्रेलरवर ओढून घ्यायला असतो, धरून ठेवायला नाही. जोरात ब्रेक लागला की नाव पुढे जाऊ पाहते. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात पुढच्या दिशेला वजनाच्या 80 टक्के जोर धरतात, बाजूंना आणि मागे 50. 2,205 किलोच्या नावेला पुढे जायला अडवणारी ताकद 1,760 किलोच्या वर हवी. ती कीलपुढच्या बोल्टने बसवलेल्या ठोकळ्याने आणि मागे ओढणाऱ्या दोन पट्ट्यांनी मिळते. चार पट्टे खाली, दोन मागे, एक पुढे. पट्टा जिथे कठड्याच्या कडेवरून जातो तिथे खाली गालिच्याचा तुकडा. वाऱ्यात पट्टा थरथरू नये म्हणून त्याला एक पीळ.

डोलकाठी दहा मीटर, नावेपेक्षा लांब. ती आधी पुढे पिकअपच्या टपावर आली होती. सपाटीवर यात काही वावगं दिसत नाही. पण घाटाच्या वळणावर पिकअप वळते आणि वरही चढते, तेव्हा काठीचं टोक टपाला किंवा काचेला लागू शकतं. म्हणून काठी मागे घेतली, तीन ठिकाणी आधार दिला, टोकाला लाल झेंडी आणि दिवा लावला. मागे जास्त आली की वळताना तिचं टोक बाहेरच्या बाजूला फिरतं, हे ड्रायव्हरने लक्षात ठेवायचं. तारा काठीला गुंडाळून बांधल्या, नाहीतर शेकडो किलोमीटर त्या अ‍ॅल्युमिनियमवर घासत राहतात.

शेवटी उंची मोजली. जमिनीपासून सगळ्यात वरच्या दांड्यापर्यंत 3.65 मीटर. हा आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवला. बोगद्याच्या तोंडाशी पाटी वाचून आठवायला वेळ नसतो.

उंचीवर हवेचा दाब कमी होतो, ही गोष्ट नावेच्या बाबतीत फारसं कोणी धरत नाही. 2,400 मीटरवर तो किनाऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी असतो. घट्ट बंद केलेली प्रत्येक गोष्ट फुगते. फुगवलेले फेंडर (नाव धक्क्यावर घासू नये म्हणून बाजूला लावायचे फुगे), होडी, पेट्रोलची बंद टाकी. आणि फिरता संडास! त्याचं झाकण खिंडीत उघडणाऱ्याला त्यातला दाब भेटायला येतो. सगळ्यांची हवा आधीच सोडली. संडास रिकामा केला.

मोठी खिंड

चढाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर तीनशे मीटरला साधारण तीन टक्के घटते, म्हणजे 2,400 मीटरवर जवळजवळ पाव. या पिकअपला टर्बो होता, त्यामुळे फटका कमी बसला. पहाटे निघाले, गिअर खालचा, वेग 45, इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला की ए.सी. बंद. मागे रांग लागली की बाजूला घेऊन सोडायची. चढावर घाई केली तर इंजिन तापतं आणि गाडी थांबते. त्याहून वाईट काही होत नाही.

जीव जातो तो उतारावर. माथ्यापासून पलीकडे वीस किलोमीटरमध्ये 1,300 मीटरचा उतार. 5,450 किलोची जोडी तेवढी खाली आली की सुमारे 70 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. दोनशे लिटर थंड पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला लागते तेवढी. ती हवेच्या अडथळ्यात जाते, टायरमध्ये जाते, इंजिनात जाते, आणि जी उरते ती ब्रेकमध्ये. आपल्या हातात असतं ते उरलेलं कमी ठेवणं.

माथ्यावर थांबून गिअर ठरवला. चढाला जो गिअर तोच उताराला, हा जुना नियम जुन्या इंजिनांसाठी ठीक होता. आताची इंजिनं चढावर जास्त ओढतात आणि उतारावर त्या मानाने कमी धरतात, म्हणून मी एक गिअर आणखी खाली सांगतो. वेग 40 धरायचा. 46–47 झाला की ब्रेक ठामपणे दाबून 38 वर आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. हलका पाय ठेवून बसायचं नाही. दाबलं की दाबलं, सोडलं की सोडलं. ताशी 80 ऐवजी 40 असेल तर जोडी थांबवताना ब्रेकवर चौथा हिस्साच ऊर्जा येते. हे गणित समोर अचानक दरडीचा दगड पडलेला दिसतो तेव्हा कामी येतं.

वळणांना वेगळा नियम. कीलमुळे नाव उंच उभी, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दीड मीटरच्या जवळ. वीस मीटर त्रिज्येच्या अवघड वळणावर ताशी 30 ने गेलं की गुरुत्वाकर्षणाच्या 0.35 पट जोर बाजूला बसतो. 40 ने गेलं की 0.63 पट. वेग दहाने वाढला आणि जोर जवळजवळ दुप्पट झाला. कागदावर ही नाव 0.7 पटीच्या पुढे आडवी होते, पण टायर आणि स्प्रिंगा दबतात, रस्ता बाहेर कललेला असतो, त्यामुळे रस्त्यावर ती बरीच आधी होते. अवघड वळणांना 25, असं ठरलं. शिवाय ट्रेलरची चाकं पिकअपच्या आतल्या बाजूने कापतात, म्हणून वळण्यापूर्वी बाहेरून यायचं आणि समोरच्याला वाट द्यायची.

निम्म्या उतारावर थांबा घेतला. मालकांच्या पत्नीने बंदूक काढली. चारही ड्रम 60 ते 75 च्या मध्ये, आणि मागचा डावा बाकीच्यांसारखाच. पिकअपच्या पुढच्या डिस्क मात्र 190 ला. काम आता जिथे व्हायला हवं तिथे होत होतं. पिकअपचे ब्रेक त्यासाठीच बनवलेले, शिवाय तिथे हवा लागते. पंधरा मिनिटं थांबून निघाले. खाली पोचल्यावर आकडे फारसे वाढलेले नव्हते.

तलावाच्या धक्क्यावर हब, म्हणजे चाकांचे बेअरिंग असलेले मधले भाग, पूर्ण निवेपर्यंत ट्रेलर पाण्यात घातला नाही. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. ग्रीस पांढरट दिसायला लागलं की समजायचं पाणी गेलं. डोलकाठी उभी करण्यापूर्वी आधी मान वर करून वीजतारा पाहिल्या. धक्क्यावरून जाणारी एक तार होती, म्हणून नाव पाण्यात गेल्यावर, तारेपासून लांब जाऊन काठी उभी केली.

या जोडीचं काम आता नीट झालं आहे. पंपाची बॅटरी आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारा स्विच दर प्रवासापूर्वी तपासायचा, ड्रम धुवायची नळी बसवायची, ब्रेक ऑइल दर वर्षी बदलायचं, एवढं मालकांनी मान्य केलं.

अडलं आहे ते दुसऱ्याच गोष्टीवर. त्यांना पुढे 30 फुटी नाव घ्यायची आहे, याच पिकअपला जोडून. समुद्रात राहता येईल अशी 30 फुटी, पक्क्या कीलची नाव सहसा साडेतीन ते पाच टनांची असते आणि तीन मीटरच्या आसपास रुंद. म्हणजे पिकअपची मर्यादा नुसत्या नावेतच संपली, आणि रुंदीसाठी परवाना वेगळा. अशा नावेसाठी नाव वाहून नेणारा ट्रक भाड्याने घ्यावा, ट्रेलर पाहू नये, असं मी स्पष्ट सांगितलं आहे. ते अजून ट्रेलर पाहतायत.